सीटीजीची स्ट्रिप कशी वाचायची: आधी खालची रेघ, मग वरची

रात्री दोन-अडीचला व्हॉट्सॲप वाजतो. भोर नाहीतर शिरूर साइडच्या एखाद्या छोट्या हॉस्पिटलमधून ओळखीच्या ज्युनिअरचा मेसेज असतो, "मॅडम बघा ना, ओके वाटतंय का?" आणि सोबत सीटीजीच्या, म्हणजे बाळाचे ठोके आणि आईच्या कळा कागदावर छापणाऱ्या मशीनच्या, स्ट्रिपचा फोटो. फोटो वाकडा, वर ट्यूबलाइटची चमक, आणि बहुतेक वेळा खालचा अर्धा भाग कापलेला, म्हणजे बाळाच्या ठोक्यांची वरची रेघ दिसते पण कळांची खालची रेघ नाही, वेळ नाही, पेपर कुठल्या स्पीडने चाललाय ते नाही. मी दरवेळी एकच रिप्लाय करते, "खालची रेघ पाठव, आणि पेशंट कशी आहे ते सांग." काहींना वाटतं मॅडम टाळतायत. टाळत नाही, खालच्या रेघेशिवाय वरची वाचताच येत नाही.

पुण्यातल्या लेबर रूममध्ये बरीच वर्षं काढल्यावर जे हाताला लागलं ते इथे क्रमाने लिहितेय. इंटर्न, नवीन रेसिडेंट आणि लेबर रूमच्या सिस्टर यांच्यासाठी आहे. घरच्या माणसांनी वाचलं तरी हरकत नाही, निदान मशीन पी पी का वाजतंय ते कळेल, पण निर्णय पेशंटजवळ उभ्या असलेल्या माणसाचाच.

मशीन लावायच्या आधी

पहिला प्रश्न, हिला मशीन लागणार आहे का? सगळं नॉर्मल असलेली, आपोआप कळा सुरू झालेली बाई असेल तर डब्ल्यूएचओच्या २०१८ च्या शिफारशींमध्ये सलग सीटीजी लावू नका असंच म्हटलंय. तिथे डॉप्लरने (ठोके ऐकवणारं हातातलं छोटं मशीन) किंवा फिटोस्कोपने (पोटावर ठेवून ठोके ऐकायची नळी) ऐकायचं, ॲक्टिव्ह लेबरमध्ये, म्हणजे कळा नियमित येऊन गर्भपिशवीचं तोंड उघडत असताना, दर १५ ते ३० मिनिटांनी, आणि बाई जोर करायला लागली की दर ५ मिनिटांनी. प्रत्येक वेळी निदान पूर्ण एक मिनिट, आणि कळ ओसरताना कान लावून कळ संपल्यावरही ऐकत राहायचं. आपल्याकडे होतं काय की दोन कळांच्या मधल्या शांततेत १५ सेकंद ऐकून चारने गुणायचं आणि "एफएचएस (बाळाचे ठोके) १४०" लिहून मोकळं. बाळ दमतंय की नाही ते कळेच्या शेवटी समजतं आणि नेमकं तेव्हाच आपण ऐकलेलं नसतं.

सलग मशीन कुणाला? बीपी वाढलेलं, शुगर, बाळाची वाढ कमी, आधीचं सेक्शन (सिझेरियन), पिटोसिनची (कळा वाढवायच्या औषधाची) ड्रिप चालू, एपिड्युरल (पाठीतून दिलेली वेदना कमी करणारी भूल), ताप, रक्त जातंय, पाणी हिरवं, महिने पूर्ण झालेले नाहीत, बाळाची हालचाल कमी झाल्याची तक्रार. ही यादी पाठच हवी. सरसकट सगळ्यांना का नको, तर सलग मशीनमुळे नवजात बाळांना येणारे झटके कमी होतात हे खरं आहे, पण सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालीत राहणारा दोष) कमी झाल्याचं स्पष्ट दिसत नाही आणि सेक्शन मात्र वाढतात, अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष हाच आहे.

बेल्ट बांधताना

हे काम पटकन उरकू नका. आधी पोट चाचपून बाळाची पाठ कुठल्या बाजूला आहे ते बघा, डोकं खाली असेल तर ठोके बहुतेक बेंबीच्या खाली पाठीच्या बाजूला स्पष्ट मिळतात. तिथे आधी फिटोस्कोपने किंवा साध्या डॉप्लरने ठोके ऐका आणि मग जेली लावून प्रोब (ठोके पकडणारी चकती) ठेवा. टोको, म्हणजे कळा टिपणारी दुसरी चकती, वर, फंडसला (गर्भपिशवीच्या वरच्या टोकाला), जिथे कळ आली की पोट कडक लागतं तिथे. टोकोला जेली नको. कळ नसताना टोको झिरो करा, नाहीतर खालची रेघ एकतर तळाला चिकटते नाहीतर छताला. बाईला उताणी झोपवू नका, कुशीवर किंवा टेकून बसलेली ठेवा, उताणं झोपलं की गर्भपिशवीचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो आणि बीपी पडून वरची रेघ बिघडते, म्हणजे बिघाड आपणच केलेला असतो.

मग मशीनचं घड्याळ बघा. लाइट गेली-आली की काही मशीन भलतीच तारीख छापतात. पेपरवर नाव, नंबर, महिने, वेळ आणि आईची नाडी पेनाने लिहा. स्पीड बघा. मिनिटाला १ सेंटिमीटर असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे एक मिनिट, पण काही मशीन ३ वर सेट असतात, तिथे सगळं ताणलेलं दिसतं, व्हेरिएबिलिटी (रेघेची थरथर) कमी वाटते आणि डिसेलरेशन (रेघेतले खड्डे) उगाच लांबलचक. डोळा एका स्पीडला बसलेला असेल तर दुसऱ्या स्पीडची स्ट्रिप हमखास फसवते.

खालची रेघ

आता स्ट्रिप हातात घेतल्यावर वरचा भाग तळहाताने झाका. खरंच झाका, मी अजूनही नवीन मुलींना असंच करायला लावते. फक्त कळा मोजा. १० मिनिटांत किती? ५ पर्यंत ठीक, त्याहून जास्त आणि अर्धा तास सरासरी तशीच असेल तर टॅकिसिस्टोल, म्हणजे प्रमाणाबाहेर कळा. आणि नुसती संख्या नाही, दोन कळांमध्ये पोट सैल पडतंय का ते बघा. टोको कळेची ताकद सांगत नाही, बेल्ट घट्ट बांधला की डोंगर उंच, सैल बांधला की टेकडी, बाई जाड असेल तर काहीच नाही. ताकद हाताने कळते. स्टूल घ्या, शेजारी बसा, पोटावर हात ठेवा, दहा मिनिटं.

कारण सगळा खेळ त्या मधल्या वेळेचा आहे. कळ आली की गर्भपिशवीचे स्नायू आवळतात, त्यातून वारेकडे (प्लासेंटाकडे) जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, आणि तेवढा वेळ बाळ जवळच्या साठ्यावर काढतं. कळ सुटली की रक्त परत येतं, साठा भरतो. आपण नदीत डुबकी मारून वर येऊन श्वास घेतो तसं. वर यायला वेळच मिळाला नाही तर धडधाकट बाळसुद्धा दमणार, आणि आधीच वाढ कमी असलेलं बाळ लवकर दमणार.

एका हॉस्पिटलमध्ये माझ्या ड्यूटीला घडलेलं सांगते. पहिलटकरीण, हडपसरहून आलेली, सगळं छान चाललेलं, आणि अर्ध्या तासात वरच्या रेघेत खड्डे पडायला लागले. ज्युनिअर सेक्शनचे कागद घेऊन आली, नवऱ्याची सही घ्यायची म्हणून. मी खालची रेघ बघितली तर १० मिनिटांत ७ कळा, मधे पोट सैलच पडत नव्हतं. सलाइनकडे नजर गेली तर ड्रिप भसाभसा चाललेली, टॉयलेटला जाऊन आल्यावर क्लॅम्प सरकलेला आणि परत कुणी थेंब मोजलेच नव्हते. ड्रिप बंद केली, डाव्या कुशीवर वळवलं, वीसेक मिनिटांत कळा ४ वर आल्या आणि वरची रेघ पुन्हा पहिल्यासारखी झाली. संध्याकाळी नॉर्मल डिलिव्हरी. त्या स्ट्रिपचा फक्त वरचा अर्धा फोटो मला आला असता तर मीही कदाचित सेक्शनच सांगितलं असतं.

वरची रेघ: बेसलाइन, व्हेरिएबिलिटी, ॲक्सिलरेशन

आता हात काढा. बेसलाइन म्हणजे १० मिनिटांच्या तुकड्यात, खड्डे आणि उड्या सोडून, रेघ साधारण कुठे बसलीये ते. मिनिटाला ११० ते १६० ठोके नॉर्मल. दहा मिनिटांहून जास्त १६० च्या वर राहिली तर टॅकिकार्डिया, तेव्हा आधी आईचा ताप आणि नाडी बघा, तिच्या अंगात पाणी कमी पडलंय का, पाणमोट कधी फुटली, वास येतोय का, टर्ब्युटालिन (कळा थांबवायचं औषध) दिलंय का. ११० च्या खाली असेल तर आधी ही आईची नाडी तर नाही ना ते बघा, काही पूर्ण दिवसांच्या बाळांची बेसलाइन १०० ते ११० मध्ये असते आणि बाकी सगळं छान असतं.

पण माझं ठाम मत असं की नुसती ११०-१६० ची पाटी बघून "नॉर्मल" म्हणणं पुरेसं नाही. ॲडमिट झाली तेव्हा बेसलाइन १२५ होती आणि आता १५० आहे, हे आकड्याने नॉर्मल आहे पण बाळाने २५ ने गाडी वाढवलीये, ती का? सुरुवातीपासून २० किंवा जास्त वाढली तर थांबून विचार करायचा. म्हणून पहिली स्ट्रिप फाइलला लावूनच ठेवा, प्रत्येक नवीन स्ट्रिप तिच्या शेजारी ठेवून बघायची.

व्हेरिएबिलिटी म्हणजे रेघेची थरथर. एका मिनिटाच्या तुकड्यात वरचं टोक आणि खालचं टोक यातला फरक, ५ ते २५ असला की बाळाचा मेंदू आणि हृदय एकमेकांशी नीट बोलतायत. ५ च्या खाली सपाट झाली तर लगेच घाबरू नका, बाळ झोपतं, आणि ही झोप ५० मिनिटांपर्यंत चालू शकते. पेथिडिन (वेदनेवरचं औषध) किंवा मॅग्नेशियम (झटक्यांवरचं औषध) दिलं असेल तरी रेघ सपाट होते. ५० मिनिटांच्या पुढे सपाट, सोबत डिसेलरेशन, तर मात्र झोप म्हणून सोडायचं नाही. उलट बाजूला २५ च्या वर अर्धा तास उड्या चालल्या असतील तर तेही चांगलं लक्षण नाही, विशेषतः जोर करताना.

ॲक्सिलरेशन म्हणजे १५ ने वर आणि १५ सेकंद टिकलेली उडी. ३२ आठवड्यांच्या आतल्या बाळात १० आणि १० धरतात. असली तर आनंद, लेबरमध्ये नसली तर बाकी सगळं ठीक असताना नुसती तेवढ्यावरून काळजी नको.

एक वेगळी रेघ लक्षात ठेवा, लहान मुलं वहीत समुद्राच्या लाटा काढतात तशी एकसारखी गुळगुळीत, मिनिटाला ३ ते ५ लाटा, उंची ५ ते १५, अर्धा तास तशीच. हे सायनुसॉइडल. बाळाला फार ॲनिमिया असू शकतो, आरएचचा प्रॉब्लेम (आई-बाळाचे रक्तगट न जुळणं) किंवा बाळाचं रक्त जाणं. इथे वाट बघत बसायचं नाही.

डिसेलरेशन

१५ ने खाली आणि १५ सेकंद टिकलं तर डिसेलरेशन. नाव द्यायची घाई असते सगळ्यांना, पण नावाआधी दोन गोष्टी बघा, रेघ खाली कशी जाते आणि कळेच्या तुलनेत कधी जाते.

अर्ली: कळेसोबत हळू खाली, कळेच्या शिखरावर तळ, कळेसोबत वर. आरशात बघितल्यासारखं. उथळ असतं, थरथर टिकलेली असते. डोकं दाबलं जातं म्हणून होतं, काही करायचं नाही.

व्हेरिएबल: झपकन खाली, ३० सेकंदांच्या आत तळ, झपकन वर, व्ही सारखा आकार आणि प्रत्येक वेळी वेगळा. नाळ दाबली जाते. नाळेतली शीर पातळ भिंतीची म्हणून ती आधी दबते, बाळाकडे येणारं रक्त थोडं कमी होतं आणि ठोके किंचित वाढतात, मग धमन्या दबल्या की बाळाचं बीपी एकदम वाढतं आणि त्याला उत्तर म्हणून ठोके धाडकन पडतात, सुटताना उलट क्रम. म्हणून खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना दोन छोटे खांदे दिसतात. खांदे असले, मधली थरथर छान, बेसलाइन हललेली नाही, तर बाळ नाळेचा दाब झेलतंय. खड्डा ६० सेकंदांहून लांबायला लागला, खांदे गेले, तळातली थरथर गेली, वर येताना रेंगाळायला लागला किंवा डब्ल्यू सारखा झाला तर झेलणं अवघड होतंय.

लेट: हळू सुरुवात, कळ सुरू होऊन २० सेकंद तरी उलटल्यावर, तळ कळेच्या शिखरानंतर, आणि कळ संपून गेली तरी रेघ अजून वर येतच असते. वारेकडून ऑक्सिजन कमी पडतोय.

नवीन मुलांचं इथेच उलटं होतं. ७० पर्यंत गेलेला खोल व्ही बघून सगळे धावतात, आणि १४५ ची रेघ १३३ पर्यंत अलगद उतरून परत वर येते, सपाट, दर कळेनंतर, त्याकडे कुणी बघतही नाही कारण आकडा नॉर्मलच आहे ना! मला भीती या दुसऱ्या रेघेची वाटते. रेघ सपाट असेल, ॲक्सिलरेशन नसतील, तर १० ते १५ चा उथळ लेटसुद्धा लेटच धरायचा. डोळ्याने सापडत नसेल तर पट्टी ठेवा, कळेच्या शिखरावरून सरळ वर पेन्सिलने रेघ मारा, प्रत्येक कळेला. तळ रेघेच्या उजवीकडे पडतोय का बघा. ओळीने चार-पाच कळांना उजवीकडेच पडला की शंका राहत नाही.

निम्म्याहून जास्त कळांना लेट येत असतील आणि अर्धा तास झाला, किंवा रेघ सपाट आहे आणि २० मिनिटं झाली, तर फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेच्या २०१५ च्या वर्गीकरणात ती पॅथॉलॉजिकल (बाळ धोक्यात असू शकतं अशी) स्ट्रिप. १०० च्या खाली गेलेली बेसलाइन, ५० मिनिटांहून जास्त सपाट रेघ, सायनुसॉइडल, ५ मिनिटांहून लांब एकच डिसेलरेशन, हेही त्याच गटात.

हे ठोके नक्की बाळाचेच ना?

सेकंड स्टेज, बाई जोर करतेय, दहा मिनिटांपूर्वी व्हेरिएबल पडत होते आणि अचानक रेघ देखणी झाली, प्रत्येक कळेला वर उडी. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम आता मस्त चाललंय." मी आईच्या मनगटाला हात लावला आणि डोळे मशीनवर ठेवले. मनगटातला ठोका आणि मशीनचा टिक एकाच वेळी. तो आवाज आईचा होता. बाळ खाली सरकलेलं, प्रोब जागेवरच राहिलेला, आणि जोर करताना आईची नाडी वाढते म्हणून "ॲक्सिलरेशन". प्रोब खाली सरकवला तर बाळ ८५ ला. व्हॅक्यूम लावून बाळ काढलं, बालरोगतज्ज्ञांनी हातात घेतलं, रडलं. ती पाच मिनिटं मी कधी विसरणार नाही.

तेव्हापासून नियम: जोर करताना कळेसोबत वर उडी दिसली तर आधी नाडी, मग आनंद. शक्य असेल तर आईच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावूनच ठेवा. मशीन दुप्पट-निम्मंही करतं, ७० ला १४० दाखवू शकतं. शंका आली की फिटोस्कोप, त्याला विजेची गरज नाही आणि तो दुप्पट करत नाही. ऑनलाइन मिळणारे छोटे डॉप्लर घरी घेऊन "ठोके ऐकू येतायत म्हणजे बाळ ठीक" असं समजणाऱ्या ताईंनाही हेच सांगणं, तो आवाज तुमचाच असू शकतो, हालचाल कमी वाटली तर थेट हॉस्पिटल गाठा.

बिघडण्याचा क्रम

हळूहळू दमणारं बाळ साधारण ठरलेल्या वाटेने जातं. आधी डिसेलरेशन येतात. मग ॲक्सिलरेशन थांबतात. खड्डे रुंद आणि खोल होतात, मधलं अंतर कमी. मग बेसलाइन चढते, कारण बाळ ॲड्रेनलिनवर गाडी ओढतंय. मग थरथर जाते. आणि शेवटी बेसलाइन पायऱ्या उतरल्यासारखी खाली. थरथर जाईपर्यंत वाट बघितली तर उशीर झालेला असतो, बेसलाइन चढताना पकडलं तर हातात बहुतेक वेळा थोडा वेळ असतो. म्हणून दर तासाला, आणि जोर चालू असताना त्याहून लवकर, ताज्या नजरेने दुसऱ्या कुणाकडून स्ट्रिप बघून घ्या. सकाळपासून तीच स्ट्रिप बघणाऱ्याला बदल दिसत नाही.

आता करायचं काय

ड्रिप बंद. हे पहिलं, फोन लावायच्याही आधी. मग डावी कुस, फरक नाही पडला तर उजवी. बीपी घ्या, एपिड्युरलनंतर पडलेलं असतं, पडलं असेल किंवा बाई कोरडी पडली असेल तर सलाइन, उगाच बाटल्या ओतू नका. जोर चालू असेल तर एक कळ सोडून एक कळ जोर करायला सांगा. पीव्ही (बोटांनी आतून तपासणी) करा, नाळ खाली आलीये का, किती उघडलंय. कळा थांबत नसतील तर सीनिअरला विचारून टर्ब्युटालिन ०.२५ मिलिग्रॅम कातडीखाली, हार्टचा त्रास किंवा ब्लीडिंग असेल तर नाही. ताप असेल तर तो उतरवा आणि इन्फेक्शनचा विचार करा. ऑक्सिजनचा मास्क आपल्याकडे सवयीने लावतात, आईचं सॅच्युरेशन चांगलं असेल तर बाळासाठी म्हणून त्याची गरज नाही, आणि तो लावण्यात जी दोन मिनिटं जातात ती ड्रिप बंद करण्यात घालवा.

शंका राहिली तर रेघ बेसलाइनवर असताना पीव्ही करताना बाळाच्या डोक्याला बोटाने हलकेच चोळा. उडी आली तर बाळाकडे अजून साठा आहे. डिसेलरेशन चालू असताना हे करू नका.

आणि बाईशी बोला. चार जण धावत येतात, कुणी कूस वळवतं, कुणी हात घालतं, तिला वाटतं बाळ गेलं. "ताई, बाळाचे ठोके थोडे कमी झालेत, तुला कुशीवर वळवतोय, तू लांब श्वास घे" एवढं बोलायला पाच सेकंद लागतात.

रेघ खाली गेली आणि वर येतच नाही

घड्याळ बघून वेळ मोठ्याने म्हणा. ३ मिनिटं, सगळ्यांना बोलवा. ६ मिनिटं, ट्रॉली ओटीकडे (ऑपरेशन थिएटरकडे). ९ मिनिटं, ॲनेस्थेशिया आणि बाळ काढायची तयारी. १२ च्या आसपास बाळ बाहेर यायला हवं. ड्रिप किंवा बीपीमुळे झालेलं असेल तर बरेचदा ९ च्या आत रेघ वर येते, पण नाळ खाली आलेली, वार सुटलेली किंवा आधीच्या सेक्शनचा व्रण फाटलेला असेल तर ही मिनिटं मोजायची नाहीत, लगेच निघायचं. आणि तुमच्याकडे रात्री ओटी किंवा भूलतज्ज्ञ नसेल तर तुमचं घड्याळ खूप आधी सुरू होतं. मुळशी-वेल्ह्याकडून पुण्यात पेशंट आणायची तर पावसाळ्यात घाट, मग शहरात शिरताना ट्रॅफिक. तिथे बेसलाइन चढायला लागली की रेफर करा, पायऱ्या उतरायला लागल्यावर नाही.

नोंद आणि फोटो

नोंदीत "सीटीजी ओके" लिहू नका. कळा किती, बेसलाइन किती आणि आधी किती होती, थरथर, ॲक्सिलरेशन, डिसेलरेशन कुठलं आणि किती वेळ, मग तुमचं मत, काय केलं, परत कधी बघणार, वेळ आणि सही. थर्मल पेपरवरची शाई काही वर्षांत उडते, महत्त्वाच्या स्ट्रिपची झेरॉक्स काढून फाइलला लावा.

आणि मला किंवा कुणालाही फोटो पाठवायचा असेल तर स्ट्रिप टेबलावर सपाट पसरा, फ्लॅश बंद, दोन्ही रेघा आणि छापलेली वेळ दिसली पाहिजे, निदान अर्ध्या तासाचा तुकडा, सोबत ॲडमिशनच्या वेळच्या स्ट्रिपचा एक फोटो. खाली लिहा: कितवी खेप, किती आठवडे, किती उघडलंय, पाणी कसं आहे, ड्रिप किती थेंबांवर, आईची नाडी, बीपी, ताप. मेसेज गेला की फोन खिशात टाका आणि रिप्लाय येईपर्यंत पुन्हा त्या स्टुलावर बसून पोटावर हात ठेवा.